आप्पांच्या पायाला सूज, लघवीला फेस: किडनीची कोणती तपासणी करावी?

माळरान:
आमचे आप्पा 61 वर्षांचे, बार्शीजवळ गावी असतात. बारा वर्षांपासून शुगर, बीपीचीही गोळी आहे. महिनाभर झाला, संध्याकाळी पाय सुजतात, चपलेच्या पट्ट्याचा वण उठतो. रात्री तीन-चारदा लघवीला उठतात. फेस येतो, पाणी ओतलं तरी लवकर जात नाही, असं आई म्हणते. आप्पांचं एकच, "कंबर दुखत नाही, मग किडनीला काय झालंय?" मागच्या वर्षी किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन 1.1, म्हणजे नॉर्मल होतं, म्हणून आम्हीही निर्धास्त राहिलो.

शेवंती:
दादा, दुखण्याची वाट बघू नका. मुतखडा दुखतो, पण शुगरने किडनी खराब होते तेव्हा बहुतेकदा काहीच दुखत नाही. माझ्या आईला आठ वर्षं शुगर होती, आम्ही दरवेळी फक्त रक्त तपासायचो. लघवी तपासायला कुणी सांगितलंच नाही, याची हळहळ अजून वाटते.
जुन्या 1.1 वर विसंबू नका. किडनीचं बरंच काम कमी झालं तरी क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. नव्या रिपोर्टमध्ये ईजीएफआर बघा, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज. तो तीन महिन्यांहून जास्त काळ 60 च्या खाली राहिला तर तो जुनाट किडनीविकार. सोबत लघवीची एसीआर तपासणी कराच, लघवीतून प्रथिनं (अल्ब्युमिन) किती जातात ते त्यात कळतं. सकाळची पहिली लघवी असेल तर उत्तम. 30 मिग्रॅ/ग्रॅमच्या वर आली तर पुन्हा करून खात्री करतात, कारण ताप किंवा लघवीच्या संसर्गानेही आकडा वाढतो. शुगर असेल तर ही दरवर्षी हवी.

चिंचपाणी:
बीपीची गोळी ॲम्लोडिपिन आहे का? तिनेही पाय सुजतात. पण स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि गुडघ्यांसाठी काही घेतात का?

माळरान:
हो, डायक्लोफिनॅक, दुखण्यावरची गोळी. मेडिकलमधून आणतात, जवळजवळ रोज.

चिंचपाणी:
ती आजच थांबवा! शुगर-बीपी असलेल्यांच्या किडनीला अशा गोळ्या फार जड जातात. गुडघ्यांसाठी दुसरं काय चालेल ते डॉक्टरांनाच विचारा. काढे, भस्मंही विचारल्याशिवाय नकोत. आधी शुगर बघणाऱ्या फिजिशियनकडे जा, गरज वाटली तर ते किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवतील.

शेवंती:
दम लागला, लघवी एकदम कमी झाली किंवा उलट्या सुरू झाल्या तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

माळरान:
आईला आत्ताच फोन केला, गोळ्यांचं पाकीट तिने काढून ठेवलंय. उद्या पहाटेची लघवी घेऊन मी स्वतः लॅबला जातो. रिपोर्ट आला की इथे लिहितो, ताई.