मदत हवी आहे: बायोप्सीच्या सीटीत रेडिएशन कमी करून मिळतं का?

नमस्कार मंडळी, डिचोलीहून लिहितेय. बाबांच्या (वय ६८) उजव्या फुफ्फुसात २ सेंटिमीटरची गाठ दिसलीय. पुढच्या आठवड्यात सीटी लावून सुईने बायोप्सी. सुईचं त्यांना काही नाही, पण तीन महिन्यांत दोन सीटी झाले, त्यामुळे "आणखी किती भाजणार मला?" हे पालुपद सुरू आहे. फायलीवर प्रत्येक स्कॅनची तारीख लाल पेनने लिहून ठेवलीय!

मी वाचलं ते असं: छातीच्या नेहमीच्या सीटीत साधारण ७ मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), लो डोसमध्ये दीडच्या आसपास. निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिळतंच. बायोप्सीत सुई थोडी सरकवली की पुन्हा स्कॅन, असं बऱ्याचदा होतं. पण दरवेळी अख्खी छाती कशाला? गाठीभोवतीचे मोजके स्लाइस पुरतात, आणि एमए (एक्स-रे नळीतला करंट) निम्मा केला की डोसही निम्मा. सुईचं टोक कुठे आहे एवढंच बघायचं, तर चित्र थोडं खरखरीत असलं तरी भागतं.

हे रेडिओलॉजिस्टना आधी विचारावं की आगाऊपणा वाटेल? कुणाच्या घरी बांबोळी, मडगाव किंवा बेळगावला अशी बायोप्सी झालीय का? डीएलपीचा (अख्ख्या स्कॅनच्या एकूण डोसचा) आकडा मागितला तर देतात का?

दरवेळी श्वास सारखाच रोखला तर गाठ जागेवर राहते, फेऱ्या वाचतात म्हणे. काल आईने घड्याळ धरलं; अकराव्या सेकंदाला बाबा खोकले. सरावाची काही युक्ती असेल तर तीही सांगा.