ब्राझीलचा ऑक्टोपस डीएनएवरून वेगळा निघाला, पण मच्छीमाराला त्याचा उपयोग काय?

सागर_मुक्ता

नमस्कार मंडळी. मत्स्यशास्त्राच्या एमएस्सीला आहे, सेमिनारसाठी छोट्या होडीवाल्यांच्या ऑक्टोपस मासेमारीवर वाचतेय आणि एका ठिकाणी अडकलेय. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर, रिओ ग्रांदे दो नोर्ते वगैरे भागात, लोक श्वास रोखून खडकाळ तळापर्यंत बुडी मारतात, हातात टोकाला आकडा असलेली लोखंडी सळई, आणि बिळात बसलेला ऑक्टोपस ओढून काढतात. हा माल कित्येक वर्षं कागदोपत्री 'ऑक्टोपस व्हल्गॅरिस' म्हणून जात होता, म्हणजे भूमध्य समुद्रात मिळतो तोच. मग 2008 मध्ये लेइते, हायमोविसी या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ही जातच वेगळी आहे आणि तिला नाव दिलं ऑक्टोपस इन्सुलॅरिस.

आता मला कळत नाहीये ते असं की एवढा रोज पकडला जाणारा, विकला जाणारा, खाल्ला जाणारा प्राणी, तो वेगळा आहे हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? डीएनएवरून नेमकं ठरवतात कसं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाव बदललं म्हणून त्या बुडी मारणाऱ्या माणसाच्या आयुष्यात काय फरक पडतो? आमच्या वर्गात एकजण म्हणाला की हे सगळं शास्त्रज्ञांच्या समाधानासाठी. मला ते पटत नाहीये पण उत्तरही देता आलं नाही.

लॅबवाला_अभय

मुक्ता, चांगला प्रश्न. मी मॉलिक्युलर लॅबमध्ये काम करतो, जास्त करून माशांवर, पण माकूल-ऑक्टोपसचे नमुनेही येतात आमच्याकडे.

लक्षात न यायचं कारण त्या प्राण्यातच आहे. शंख-शिंपल्यांची ओळख आपण कवचावरून करतो, माशांची खवले, पर, दात यांवरून, ऑक्टोपसला यातलं काहीच नाही. जिवंतपणी रंग आणि कातडीचा पोत क्षणात बदलतो, मेला की पांढरट पडतो, बर्फात ठेवला की आकसतो, टबात घासून धुतला की कातडीवरची बारीक खूण असेल तीही जाते. मग उरतं काय तर कल्ल्याच्या पाकळ्या मोजायच्या, हातावरचे चूषक मोजायचे आणि नराचा उजवीकडचा तिसरा हात बघायचा, कारण प्रजननासाठी त्या हाताचं टोक वेगळं झालेलं असतं आणि त्याच्या मापावरून जाती ओळखायला मदत होते. पण त्यासाठी पूर्ण वाढलेला नर पाहिजे आणि त्याचा तो हात शाबूत पाहिजे. लिलावात आलेल्या ढिगात असा नमुना दरवेळी मिळेलच असं नाही.

त्यात नावाचा इतिहास. व्हल्गॅरिस हे नाव फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएनं 1797 मध्ये दिलं, आणि पुढची दोनशे वर्षं जगात कुठंही मध्यम आकाराचा, तपकिरी, ठळक खूण नसलेला ऑक्टोपस दिसला की त्याला व्हल्गॅरिस म्हणायची पद्धतच पडली. जपानमध्ये व्हल्गॅरिस, दक्षिण आफ्रिकेत व्हल्गॅरिस, ब्राझीलमध्येही व्हल्गॅरिस. आता ते एकेक करून सुटं होतंय. पूर्व आशियातला तो आता ऑक्टोपस सायनेन्सिस, अमेरिकेच्या अटलांटिक बाजूचा जो खरंच व्हल्गॅरिसचा जवळचा नातेवाईक आहे त्याला 2020 मध्ये ऑक्टोपस अमेरिकानस हे 1802 चं जुनं नाव परत मिळालं. इन्सुलॅरिस या दोघांपासूनही लांबचा आहे, तो उष्ण, उथळ पाण्यातला, खडक आणि प्रवाळाच्या आसपास राहणारा, हात त्यामानाने आखूड आणि जाड.

डीएनएचं म्हणशील तर मुख्य पद्धत बारकोडिंग. पेशीतल्या मायटोकाँड्रियात सीओआय नावाचा जीन असतो, त्यातला साधारण 650 अक्षरांचा तुकडा पीसीआरनं, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या प्रक्रियेनं, वाढवायचा, त्याचा क्रम वाचायचा आणि आधी वाचून ठेवलेल्या क्रमांशी जुळवायचा. हाच तुकडा सगळ्या प्राण्यांसाठी वापरावा ही कल्पना पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये मांडली. एकाच जातीतल्या दोन प्राण्यांत या तुकड्यात फारच थोडी अक्षरं वेगळी असतात, दोन जातींत बरीच जास्त. जोडीला 16एस नावाचा दुसरा तुकडाही घेतात म्हणजे एकाच पुराव्यावर भिस्त राहत नाही.

आणि हे मी कळकळीनं सांगतो, कारण विद्यार्थी इथंच फसतात. ऑनलाइन डेटाबेसमध्ये क्रम टाकला, समोर 99 टक्के जुळणी आली आणि शेजारी 'व्हल्गॅरिस' लिहिलेलं दिसलं की काम झालं असं समजू नकोस. ते नाव ज्यानं क्रम अपलोड केला त्यानं दिलेलं असतं, आणि त्यानंही डोळ्यानं बघूनच दिलेलं असू शकतं. तो नमुना कुठल्या समुद्रातला, कुठल्या संग्रहालयात ठेवलाय, कुणी ओळखलाय हे उघडून बघायचंच. चुकीच्या नावाशी शंभर टक्के जुळलं तरी उत्तर चुकीचंच.

मेधा_क

अभयदादांनी कसं ओळखतात ते सांगितलं, मी 'मग पुढे काय' यावर लिहिते. मत्स्य व्यवस्थापनात काम केलंय, आणि मुक्ता, तुझ्या वर्गातल्या त्या मित्राला मेक्सिकोचं उदाहरण दे.

युकातान द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर ऑक्टोपस माया नावाची जात आहे, 1966 मध्ये तिचं वर्णन झालं आणि ती फक्त त्याच भागात मिळते. तिथली मासेमारी बघण्यासारखी आहे. छोटी होडी वाऱ्यावर आणि प्रवाहावर वाहू द्यायची, दोन्ही टोकांना लांब बांबू बाहेर काढलेले, त्यांवरून दोऱ्या सोडलेल्या, दोरीला गळ नाही, नुसता खेकडा बांधलेला. ऑक्टोपस खेकड्याला मिठी मारतो आणि सोडतच नाही, तसाच वर ओढायचा. अंड्यांवर बसलेली मादी खाणं सोडते त्यामुळे ती खेकड्याकडे येत नाही आणि आपोआप वाचते. याउलट बिळात आकडा घालून काढला तर अंड्यांवरची मादीही जाते.

आता फरक बघ. मायाची अंडी मोठी, दीड सेंटीमीटरच्या वर, आणि संख्येनं कमी, हजार-दोन हजारांच्या घरात. पिल्लू बाहेर पडतं ते थेट तळावर, आईबापाची छोटी प्रतिकृतीच, ते पाण्यावर वाहून जात नाही. व्हल्गॅरिसच्या गटातल्या माद्या लाखाच्या हिशोबात बारीक अंडी घालतात आणि पिल्लं कित्येक आठवडे पाण्यात तरंगत कुठच्या कुठं जातात. म्हणजे मायाच्या बाबतीत एका गावासमोरचा साठा संपवला तर लांबून पिल्लं वाहत येऊन तो भरून निघेल ही आशाच ठेवू नये. दुसऱ्या गटात तसं थोडंफार होऊ शकतं, पण मग आपल्यासमोर वाढणारी पिल्लं कुठल्या किनाऱ्यावरच्या माद्यांची हे शोधावं लागतं. दोन्ही ढीग एकाच नावाखाली नोंदवले तर आकडे बघून काय ठरवणार?

तिथं हंगाम 1 ऑगस्ट ते 15 डिसेंबर आणि शरीराच्या पिशवीची लांबी किमान 110 मिलिमीटर असा नियम आहे. तो नियम माया आणि 'व्हल्गॅरिस' अशा दोन नावांवर लिहिलेला. आणि गंमत नाही, काळजीची गोष्ट अशी की पुढे मेक्सिकोतल्याच व्हेराक्रूझच्या प्रवाळ भागातले नमुने डीएनएनं तपासले तर तिथं तुझा ब्राझीलवाला इन्सुलॅरिस निघाला. तो कुठल्या महिन्यात अंडी घालतो, किती मोठा झाल्यावर प्रौढ होतो, हे व्हल्गॅरिसच्या तक्त्यातून कसं काढणार? बंदीचा महिना चुकला तर मच्छीमाराचा रोजगारही बुडतो आणि ऑक्टोपसही वाचत नाही. मोठ्या बोटीवाला दुसरीकडे जाईल, दुसरं काही पकडेल. खडकावर बुडी मारणाऱ्याला तो पर्याय नसतो, म्हणून नाव बरोबर असण्याची गरज त्यालाच सगळ्यात जास्त आहे असं माझं ठाम मत आहे.

दर्याचा_पोरगा

मेधाताई, अगदी बरोबर बोललात. आमचं घर मासेमारीतलं, रत्नागिरी साईडला. आमच्याकडे ऑक्टोपससाठी म्हणून कोण मुद्दाम जात नाही, ट्रॉलच्या म्हणजे बोटीमागं ओढायच्या जाळ्यात माकूल आणि नळ या त्याच्याच नातेवाइकांबरोबर येतो, बंदरावर वजनानं आणि साइजनं वेगळा करतात आणि कंपनीकडे जातो, नोंदीत नुसतं ऑक्टोपस. पण तो एकच प्रकार नाही हे हाताळणाऱ्याला कळतं. एकाच्या अंगावर डोळ्यासारखा गोल ठिपका असतो, एकाच्या हातांवर काळपट शिरा पसरल्यासारख्या दिसतात, आणि एक असतो त्याला उलटा करून तोंडाजवळचा पडदा ताणून बघा, हातांच्या मधे मधे बारीक पिशव्या असतात, छोटी भोकं दिसतात. माझी आई टोपलीत हात घालूनच सांगते हा तो बुळबुळीत वाला, बाजूला ठेव.

माझं म्हणणं एवढंच की लॅबवाले येतात, नमुने घेऊन जातात, पुढे काय झालं ते आम्हाला कधीच कळत नाही. आलात तर आधी बायकांना विचारा, ढीग त्या निवडतात. त्यांनी चार ढीग केले आणि तुमच्या डीएनएनंही चार जाती सांगितल्या तर पुढच्या वेळी प्रत्येक ऑक्टोपस लॅबला न्यायची गरजच नाही ना.

लॅबवाला_अभय

दर्याचा पोरगा, तुमची शेवटची ओळ मुक्ताच्या सेमिनारमध्ये जशीच्या तशी यायला पाहिजे. पिशव्यांवाला तुम्ही सांगताय तो सिस्टोपस नावाच्या गटातला, त्या पिशव्या ही त्याची पक्की खूण आहे. ठिपकेवाला आणि शिरांवाला हे दोन्ही बहुतेक अँफिऑक्टोपस गटातले, शिरांवाला मार्जिनॅटस असण्याची शक्यता जास्त. ठिपकेवाल्यात मात्र एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जाती आहेत, तिथं डोळा थांबतो आणि डीएनए लागतो. बंदरावरची निवड आणि लॅब दोन्ही एकत्र चालायला हवं, आणि निकाल परत बंदरावर पोचायलाच हवा, यात दुमत नाही.

सागर_मुक्ता

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. मेधाताई, अंड्यांचा मुद्दा पुस्तकात वाचला होता पण बंदीच्या महिन्याशी तो असा जोडता येतो हे सुचलंच नव्हतं. दादा, मी सुट्टीत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जाणार आहे, तुमच्या आईंशी बोलता येईल का? आणि अभयदादा, नमुना घ्यायचा तर कसा? होडीवाल्याचा माल खराब न करता होईल ना?

दर्याचा_पोरगा

या की. सकाळी लवकर या, बोटी लागल्यावर. आईला सांगून ठेवतो, मेसेज करा.

लॅबवाला_अभय

होतं. विकायच्या ऑक्टोपसचा हात कापू नकोस, वजनावर पैसे मिळतात त्यांना. जाळ्यात तुटलेला किंवा टाकून दिलेला घे, नाहीतर सरळ विकत घे आणि प्रत्येक ढिगातले निदान दोन-तीन पूर्ण प्राणी ठेव, नुसता डीएनए असून प्राणीच नसेल तर उद्या शंका आल्यावर परत बघायला काही उरत नाही. आधी ताजेपणी फोटो, वरून आणि उलटा करून, शेजारी पट्टी ठेवून. मग कातडी बाजूला करून आतल्या मांसाचा हरभऱ्याएवढा तुकडा घे, कातडीवरचा चिकट स्राव पीसीआर बिघडवतो आणि टबातल्या बाकीच्या प्राण्यांचंही काहीबाही तिथं चिकटलेलं असतं. प्रत्येक नमुन्याला नवीन ब्लेड. तुकडा 95 टक्के अल्कोहोलमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी ते अल्कोहोल बदल, कारण मांसातलं पाणी उतरून ते पातळ होतं. चिठ्ठी पेन्सिलनं लिहून बाटलीच्या आत टाक, पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. पूर्ण प्राणी फॉर्मलिनमध्ये ठेवणार असशील तर डीएनएचा तुकडा त्याच्या आधी काढायचा, फॉर्मलिन लागल्यावर त्यातून धड काही वाचता येत नाही.