मदत हवी आहे: घरातल्या सहा जणांचे पासवर्ड एकटीच्या भरवशावर, कसे सांभाळायचे?

पराटीवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरात मामाजी, आत्याबाई, हे, दोन लेकरं आणि मी. मोबाईलवरचं सगळं काम माझ्याकडे असतं, कारण बाकीच्यांना ते जमत नाही आणि पोरगी अमरावतीला नर्सिंगला आहे. महाडीबीटीवर शेतकऱ्याचं एक खातं, पोरीच्या शिष्यवृत्तीचं तिथलंच दुसरं, कापूस विकायला कपास किसान अ‍ॅप, डिजिटल सातबारा, विजेचं बिल, रेल्वे, बँक, मामाजींचं डिजीलॉकर, तीन जीमेल. परवा बसून मोजले तर सत्तावीस भरले. त्यातले दहाएक नुसत्या ओटीपीवर चालतात, बाकी सगळ्यांना पासवर्ड नाहीतर पिन लागतो.

आतापर्यंत हे सगळं एका डायरीत होतं. कृषी केंद्रवाल्यांनी दिवाळीला दिलेली डायरी, देवघराजवळच्या कोनाड्यात ठेवलेली. जुलैत तीन दिवस झड लागली, टिनातून पाणी गळलं आणि डायरी भिजली. जेल पेननं लिहिलं होतं, शाई सगळी पसरली. पोरीच्या शिष्यवृत्तीच्या पासवर्डमधलं चौथं अक्षर मोठं एस आहे की पाचचा आकडा, हेच कळेना. दोन्ही टाकून पाहिले, मग घाबरून आणखी काहीबाही टाकलं आणि खातं लॉक झालं. पासवर्ड बदलायला गेले तर ओटीपी यांच्या जुन्या नंबरवर जात होता. तो नंबर रिचार्ज नाही म्हणून कधीचाच बंद पडला होता. अर्जाला दोन दिवस उरले होते. पोरीच्या कॉलेजातल्या एका मॅडमनी धावपळ केली म्हणून अर्ज गेला, नाहीतर वर्षाची फी आमच्या अंगावर आली असती. त्या दोन रात्री मला झोप नव्हती.

दुसरी गोष्ट आत्याबाईंची. त्यांचं एक खातं चार वर्षांमागं ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका केंद्रावर काढलं, तेव्हा घरात कोणाचा ईमेल नव्हता. तिथल्या माणसानं स्वतःचा ईमेल आणि स्वतःचाच नंबर टाकला. आता ते केंद्र बंद आहे आणि तो माणूस गाव सोडून गेला.

आणि मागच्या वर्षी मी आठ दिवस वर्ध्याला दवाखान्यात होते. नेमका तेव्हाच ठिबकचा अर्ज मंजूर झाला, कागदपत्रं अपलोड करायची होती. हे घरी, डायरी घरी, पण कोणता पासवर्ड कशाचा हे माझ्याशिवाय कोणालाच समजत नव्हतं. सलाईन लागलेल्या हातानं मी फोनवर एकेक अक्षर सांगत होते.

तर विचारायचं असं. डायरी चांगली की अ‍ॅप? फोन विहिरीत पडला तर अ‍ॅपमधलं सगळं जाईल का? मी बहुतेक ठिकाणी पोरीचं नाव आणि जन्मसाल हाच पासवर्ड ठेवला आहे, ते किती धोक्याचं? आणि मी घरी नसले तरी काम अडू नये यासाठी काय करावं? आमच्याकडे रेंज गच्चीवर गेल्याशिवाय येत नाही, हेही लक्षात घेऊन सांगा.

आर्वीकर_आयटी

ताई, शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते काम आजच करायचं आहे. एकच पासवर्ड सगळीकडे ठेवू नका. तुमच्या पोरीचं नाव कोणी डोकं लावून ओळखेल हा धोका त्यामानानं लहान. मोठा धोका असा की कुठल्यातरी खरेदीच्या साइटवरून लाखो लोकांचे ईमेल आणि पासवर्ड फुटतात, त्यांच्या याद्या विकल्या जातात आणि तीच जोडी मशीन लावून बँक, जीमेल अशा शेकडो ठिकाणी चालवून पाहतात. एक दार उघडलं की सगळी उघडतात. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसानं 2013 मध्ये 'हॅव आय बीन पॉन्ड' नावाची फुकट साइट काढली. तिथं आपला ईमेल टाकला की तो कोणत्या गळतीत सापडला ते दिसतं. तिन्ही जीमेल तपासून घ्या.

इतके वेगळे पासवर्ड पाठ करणं कोणालाच जमत नाही, मलाही नाही. तीन पाठ करा: फोनचं लॉक, मुख्य जीमेल आणि पासवर्ड मॅनेजरची (सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारं अ‍ॅप) किल्ली, म्हणजे त्याचा मुख्य पासवर्ड. बाकीचे मॅनेजरच बनवतो आणि सांभाळतो. बिटवॉर्डन नावाचा मॅनेजर फुकट आहे आणि एकच खातं कितीही फोनवर चालतं. पासवर्डांची तिजोरी कुलूपबंद होऊनच त्यांच्या सर्व्हरवर जाते, म्हणून फोन विहिरीत पडला तरी दुसऱ्या फोनवर ईमेल, किल्ली आणि मेलवर आलेला कोड टाकला की सगळं परत दिसतं. लॉगिन केलेलं असेल तर रेंज नसतानाही साठवलेले पासवर्ड वाचता येतात. अँड्रॉइड फोनमध्ये गूगलचा मॅनेजर आधीपासून असतो, तोही चालेल. पण तुम्हाला सहा जणांचं बघायचं आहे, म्हणून मी बिटवॉर्डन सांगेन. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: त्याची किल्ली विसरलात तर कंपनीही उघडून देऊ शकत नाही.

ती किल्ली कशी बनवायची? आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी 1995 मध्ये एक रीत सांगितली, डाइसवेअर. 7776 शब्दांची यादी, पाच वेळा फासा टाकायचा, जो पाच आकडी नंबर येईल त्याच्यासमोर लिहिलेला शब्द घ्यायचा. असे पाच-सहा शब्द जोडले की पासवर्ड लांब होतो आणि लक्षातही राहतो. सगळी गंमत फाशात आहे. आपल्या मनानं निवडलेले शब्द आपल्याच घरातले असतात. म्हण नको, अभंगाची ओळ नको, देवाचं नाव नको.

पराटीवाली

फासा लुडोचा चालेल ना? आणि शब्द मराठी ठेवले तर? इंग्रजी शब्द माझ्या यांच्या लक्षात राहणार नाहीत.

अजून एक. एका साइटवर दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला म्हणतात, त्यात मोठं अक्षर, आकडा, चिन्ह सगळं पाहिजे. दर वेळी मी शेवटचा आकडा एकानं वाढवते. हे बरोबर आहे का?

आर्वीकर_आयटी

लुडोचा फासा उत्तम. मराठी शब्दही चालतील, पण बऱ्याच ठिकाणी देवनागरी चालत नाही, रोमनमध्ये टाकावं लागतं. म्हणून स्पेलिंग आधी ठरवा. 'वावर' व्हीनं लिहायचं की डब्ल्यूनं, 'कापूस'मध्ये यू एक की ओ दोन, हे घरात सगळ्यांचं एकच असलं पाहिजे. यातच लोक अडकतात.

शेवटचा आकडा वाढवण्याचा काही उपयोग नाही. तो नियम मुळात जुना आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत बिल बर यांनी 2003 मध्ये तसं मार्गदर्शन लिहिलं आणि जगभर तेच चाललं. 2017 मध्ये त्यांनी स्वतःच वर्तमानपत्राला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी एनआयएसटीनं नियम बदलला: लांबीवर भर द्या, पासवर्ड फुटल्याचा संशय नसेल तर उगाच बदलायला लावू नका. पण साइट मागते म्हटल्यावर आपल्याला द्यावंच लागतं. तिथं दर वेळी मॅनेजरकडून नवीन बनवून घ्या, डोक्याला ताण नको.

निवृत्त_गुरुजी_वाशीम

सूनबाई, डायरीला एकदम वाळीत टाकू नका. ब्रूस श्नायर हे सुरक्षेतले मोठे जाणकार, त्यांनी 2005 मध्येच लिहिलं होतं की अवघड पासवर्ड ठेवा आणि कागदावर लिहून पाकिटात जपा. परदेशात बसलेला चोर तुमच्या ट्रंकेपर्यंत पोचत नाही. ट्रंकेपर्यंत येणारा माणूस ओळखीतला असतो, त्याच्यासाठी कुलूप आहे.

मी स्वतः वही ठेवतो, पण काही पथ्यं पाळून. पेन्सिलनं लिहितो, पाण्यानं पसरत नाही. प्रत्येक अक्षराखाली बारीक देवनागरीत त्याचं नाव लिहितो: मोठा एस, आकडा पाच, लहान एल, शून्य. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, एक आणि एलचा घोळ मला चांगला माहीत आहे. पानावर पूर्ण पासवर्ड लिहीत नाही, शेवटचा एक शब्द गाळतो. तो मला आणि माझ्या मंडळींनाच ठाऊक आहे. यूपीआय पिन आणि एटीएम पिन वहीत अजिबात नाही. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात.

सेतूवाला_हिंगणघाट

नमस्कार ताई. मी केंद्र चालवतो, म्हणून तुमच्या आत्याबाईंचं वाचून वाईट वाटलं. आमच्या धंद्यात हे होते, अन् ते चूक आहे. गर्दीत कास्तकार उभा, ईमेल नाही, मुदत संपत आली, की पोट्टा आपला नंबर टाकून मोकळा होते. मी आता आधी त्यांच्याच फोनवर जीमेल काढून देतो, मगच फॉर्म भरतो. पंधरा मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या. तुम्ही कुठंही नोंदणी केली तर ओटीपी स्वतःच्या हातानं टाका, कॉम्प्युटरनं 'पासवर्ड सेव्ह करू का' विचारलं तर नाही म्हणा, अन् निघताना लॉगआऊट डोळ्यानं बघा.

तुमचा खरा घोटाळा नंबरचा दिसते. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या माणसाला देऊ शकते. मग तुमचे ओटीपी त्याच्या फोनवर. म्हणून एक तक्ता करा: कोणतं खातं, कोणाच्या नावाचं, कोणता नंबर, कोणता ईमेल. यात पासवर्ड नको. ज्या ज्या ओळीत यांचा जुना नंबर दिसेल ती आधी दुरुस्त करा, सुरुवात बँक अन् आधारपासून. आधारला नंबर आत्याबाईंचा स्वतःचा किंवा घरचाच लावा, शेजाऱ्याचा नको.

रेंजचं म्हणाल, तर जीमेलला दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड) लावा, अन् तो कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप जोडा. त्याचा सहा आकडी कोड दर 30 सेकंदांनी बदलते, त्याला रेंज लागत नाही. जीमेल सोबत दहा बॅकअप कोडही देते, फोन जवळ नसला तर ते कामी येतात, प्रत्येक एकदाच चालते. ते छापून गुरुजींच्या डब्यात.

अन् कोणी 'पैसे मिळवायला पिन टाका' म्हणलं तर फोन कापा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसगत झालीच तर लगेच 1930 वर फोन, जितका लवकर तितकं बरं.

पराटीवाली

दोन आठवड्यांनी लिहिते आहे, वेचणीची घाई होती.

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी संध्याकाळी पोरगी घरी आली होती. शाळेतला जुना शब्दकोश काढला आणि लुडोचा फासा घेतला. त्याची पानं सहाशेच्या वर निघाली, म्हणून 600 पानं धरून शंभर-शंभराचे सहा भाग केले. पहिल्या फाशानं भाग ठरवायचा, मग पानाचा आकडा चिठ्ठ्यांनी. पाच शब्द आले. मी आणि यांनी पाठ केले. दोन दिवस हे वावरात जाताना बंडीवर बसून पुटपुटत होते. तिसऱ्या दिवशी मी विचारलं तर न अडखळता सांगितले, स्पेलिंगसकट. आता किल्ली दोघांच्या डोक्यात आहे.

तक्ता केला तेव्हा कळलं की सत्तावीसपैकी नऊ ठिकाणी यांचा तोच बंद नंबर होता. सात बदलून झाले. बँकेचं शाखेत जाऊन करावं लागलं. एका ठिकाणी अजून अडलं आहे, तिथं पासबुकाची प्रत मागितली आहे. पोरीचं नाव असलेला पासवर्ड आता कुठंच नाही. एका जुन्या खरेदीच्या साइटच्या गळतीत माझा ईमेल खरंच सापडला, पासवर्ड तोच होता. ते पाहून हात गार पडले.

गुरुजी, नवीन वही पेन्सिलनं लिहिली. मामाजींच्या डिजीलॉकरचा सहा आकडी पिन मात्र त्यांनीच पाठ केला, लिहू दिला नाही.

आत्याबाईंचं राहिलं आहे. मूळ अडचण अशी की आधारला नंबर लावायला अंगठा लागतो आणि जन्मभर कापूस वेचून आणि निंदण करून त्यांचा अंगठा झिजला आहे, मशीन घेतच नाही. सेतूवाले भाऊ, अशा वेळी काय करता?

सेतूवाला_हिंगणघाट

दहाही बोटं लावून पाहा, एखादं लागतेच. रात्री तेल लावून ठेवा, सकाळी कोमट पाण्यानं हात धुऊन कोरडे करून न्या. नाहीच जमलं तर आधार केंद्रावर बुबुळाचं स्कॅन करा म्हणा, तो त्यांचा हक्क आहे. पीएम किसानच्या अ‍ॅपमध्ये तर 2023 पासून चेहरा दाखवूनही केवायसी होते. नवीन नंबर आधारला लागला की त्या जुन्या खात्यातला केंद्रवाल्याचा नंबर काढायचा लेखी अर्ज तालुक्याला द्या, आधारची प्रत जोडा अन् पोच घ्या.

पराटीवाली

गुरुवारी त्यांना घेऊन घाटंजीला जाते. बुबुळाचं मशीन चालू आहे का ते फोन करून विचारलं, आहे म्हणाले. आल्यावर काय झालं ते लिहीन.