शब्दचर्चा : वाचलेल्याचा ‘वानोळा’ होतो का?

केळीबाग :
मंडळी, एका शब्दावर अडून बसले आहे. आमच्या गावात (यावल तालुका) वाचनालयाच्या ओट्यावर दर शनिवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण बसतो. प्रत्येकाने त्या आठवड्यातली एक बारीकशी सुखाची गोष्ट सांगायची, जमल्यास वाचनातली. परीक्षण नको, सारांश नको. कुणी एखादं वाक्य वाचून दाखवतं. कुणाला जुन्या पुस्तकात पिंपळाच्या पानाची जाळी सापडलेली असते. मागच्या शनिवारी शेजारच्या काकूंनी सांगितलं की नातवाने पहिल्यांदा एसटीवरची पाटी स्वतःहून वाचली. पाटीवर होतं ‘भुसावळ’, त्याने मोठ्याने वाचलं ‘भुसावय’. काकू सांगताना रडल्या.

या बैठकीसाठी फळ्यावर मी लिहिलं, ‘आठवड्यातले छोटे छोटे आनंद’. आमच्यात एक निवृत्त गुरुजी आहेत. ते म्हणाले, “आनंदाचं अनेकवचन मराठीत होत नाही, पुसा.” मी पुसलं आणि लिहिलं, ‘आठवड्याचा वानोळा’. वानोळा म्हणजे शेतात नवं पिकलेलं शेजारीपाजारी थोडं थोडं देतो ते. ते पाहून गुरुजी जास्तच गंभीर झाले. “वानोळा शेतातून येतो, कपाटातून नाही.”

तर माझे प्रश्न दोन. रोजच्या जगण्यातल्या लहानशा आनंदाला, मोजता येईल असा, मराठीत एक शब्द आहे का? आणि वाचलेल्याचा वानोळा होतो की नाही?

पांझराकाठ :
ताई, पहिल्या बाबतीत गुरुजींचं बरोबर आहे. सुखाचं अनेकवचन होतं, दुःखाचंही होतं. ‘सुखं’, ‘दुःखं’ आपण सहज म्हणतो. ‘मला चार आनंद झाले’ असं कुणी म्हणत नाही. आपल्या धरणगावात जन्मलेल्या बालकवींचं ‘आनंदी आनंद गडे’ आठवा. तो आनंद इकडे, तिकडे, चोहीकडे आहे. जे चोहीकडे पसरलंय ते मोजणार कसं? ‘छोटे आनंद’ हे अलीकडचं, भाषांतराच्या वाटेने आलेलं आहे.

मी ‘हरीख’ सुचवतो. हर्षापासून आलेला, जुन्या मराठीतला शब्द. हरखून जाणं अजून बोलण्यात आहे, मग हरीखच का मागे पडावा?

पुण्यातला खान्देशी :
हरीखही मोजता येत नाही, दादा. ‘तीन हरीख’ म्हणून पाहा.

मी मुद्रितशोधनाचं काम करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. छापायचं असेल तर ‘वानवळा’ लिहा. ‘वानोळा’ बोलण्यात ठीक आहे. मुळाबद्दल माझं मत असं : संक्रांतीला बायका देतात ते ‘वाण’, म्हणजे संस्कृत ‘वायन’, ‘उपायन’, भेटवस्तू. वानवळा त्याच घरातला असावा. तसं असेल तर जे भेट देता येतं त्याचा वानवळा होतो, आणि ताईंचा फळा बरोबर ठरतो.

गिरणाथडी :
उपायनाशी जोडलंत की त्यातली माती गेली. मी चाळीसगावकडचा. आमच्याकडे वानोळ्याला तीन अटी होत्या, कुणी लिहून दिल्या नव्हत्या, पण सगळ्यांना माहीत होत्या. एक, माल आपल्या रानातला पाहिजे. बाजारातून आणून दिलं तर ते देणं झालं, वानोळा नाही. दोन, थोडंच द्यायचं, चवीपुरतं. शेजाऱ्याच्या घरी एका वेळची भाजी झाली की पुरे. पोतं दिलं तर समोरचा संकोचतो. तीन, पहिल्या तोडीचं द्यायचं. उरलंसुरलं देतात त्याला वानोळा म्हणत नाहीत.

माझी माय हिवाळ्यात भरताची हिरवी वांगी निघाली की घरात चूल पेटायच्या आधी सूप भरायची आणि म्हणायची, “वानोया दी ये.” मी पाच घरं फिरायचो. शेवटच्या घरी एक म्हातारी एकटी राहायची, तिला दोनच वांगी, पण सगळ्यात चांगली. मी एकदा वाटेत त्यातलं एक बदललं, बारीक वांगं ठेवलं. मायने दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, भरीत पुरलं का? मार बसला, पण त्या मारापेक्षा माय गप्प बसली ते मला आजही आठवतं.

म्हणून गुरुजींच्या बाजूने. पुस्तक तुम्ही पिकवलेलं नाही. ते लेखकाचं रान आहे.

तापीवरची :
भाऊ, वांग्याची गोष्ट वाचून थांबले थोडा वेळ. पण तुमच्याच अटी लावून बघते. चवीपुरतं? ताईंकडे एकच वाक्य वाचतात. पहिल्या तोडीचं? त्याच आठवड्यातलं, शिळं नाही. राहिली रानाची अट. वाक्य लेखकाचं आहे, कबूल. पण तीनशे पानांतून नेमकं तेच वाक्य का उचललं, ते कुणाच्या आठवणीने काळजात बसलं, ती निवड वाचणाराची. केळीची रोपं आपण कुठून तरी आणतोच ना? घड आपल्या बागेत पडला की आपला.

भुसावळ जंक्शन :
‘मौज’ घ्या की! ‘आठवड्यातल्या मौजा’. मराठीत ‘मौजा’ चालतं, मोजताही येतं.

पांझराकाठ :
मौज फारसीतून आलेला शब्द आहे. आपला हरीख असताना कशाला?

भुसावळ जंक्शन :
मूळ अरबी आहे, तिथे मौज म्हणजे लाट. लाट ‘मजा’ कशी झाली हे मला स्वतःला फार सुंदर वाटतं. आणि खान्देशाचं नावच बघा. त्यातला ‘खान’ काढून टाकणार का? चारशे वर्षं ज्या शब्दाने आपण पोरांना जत्रेत नेलं तो परका कसा?

पांझराकाठ :
खान्देश नावाच्या व्युत्पत्तीबद्दलही एकमत नाही, पण तो वेगळा धागा होईल. मी परका म्हणत नाही. एवढंच म्हणतो की आपल्या अंगणातलं झाड वाळत असेल तर त्याला आधी पाणी घालावं.

अमळनेरकर :
तुम्ही शब्दावर भांडताय, मला ताईंची बैठकच आवडली. आमच्या गावात हे आधी होऊन गेलंय. साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथलं छात्रालय सांभाळत होते, तेव्हा ते मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ काढत. हाताने लिहिलेलं, रोज. दिवसभर शाळेत शिकवून, मुलांचं आजारपण-अंथरूण बघून, रोज लिहायचं. जे वाचलं, जे मनाला लागलं, ते सकाळी मुलांच्या हातात. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. मी शाळेत असताना हे पहिल्यांदा ऐकलं आणि घरी येऊन पाठकोऱ्या कागदावर बहिणीसाठी ‘घर दैनिक’ काढलं होतं. अकरा अंक निघाले. तिने ते लग्नात सोबत नेले.

शब्द म्हणाल तर साने गुरुजींनी साधं ‘दैनिक’ म्हटलं होतं. ताईंनी ‘शनिवार’ म्हणावं, झालं.

गिरणाथडी :
अकरा अंक बहिणीने नेले ना, दादा, तो खरा वानोळा. घरात पिकलेला.

तापीवरची :
म्हणजे कागदावरचा वानोळा होतो, हे तुम्ही मान्य केलंत!

गिरणाथडी :
स्वतः लिहिलेल्याचा होतो म्हटलं. वाचलेल्याचा अजून नाही.

पुण्यातला खान्देशी :
मुळाबद्दल आणखी एक. ‘वानगी’, ‘वानगीदाखल’ हे शब्द विसरलो होतो. वानगी म्हणजे नमुना, चव. हे ‘वर्ण’च्या कुळातलं धरतात. वानवळा जर वानगीच्या जवळचा असेल तर गिरणाथडी यांची ‘चवीपुरतं’ ही अट थेट शब्दातच बसलेली आहे. माझा वरचा उपायनाचा कल मी थोडा सैल करतो.

सातपुड्याखाली :
आमचे आजोबा सांगायचे, वनातलं ओलं ते ‘वनओलं’, त्याचा वानोळा झाला. हरभऱ्याचे ओले घाटे, ओल्या शेंगा.

पुण्यातला खान्देशी :
गोड आहे, पण ‘ओला’तला ल आणि ‘वानोळा’तला ळ वेगळे. शिवाय ‘वनातलं’ आणि ‘रानातलं’ हा फरक उरतोच.

सातपुड्याखाली :
आमच्याकडे ळ उच्चारतंच कोण? सगळं य. डोया, काया, केयी. काकूंच्या नातवाने ‘भुसावय’ वाचलं ते चुकीचं वाचलं असं मी मानत नाही. त्याने अक्षर ओळखलं आणि आपल्या तोंडाने म्हटलं. बहिणाबाईंच्या अहिराणीतही ळ चा य आहेच.

केळीबाग :
दादा, बहिणाबाईंची बोली अहिराणी नव्हे, लेवा. त्या असोद्याच्या, दिल्या जळगावात. हे मी आयुष्यभर दुरुस्त करत आले आहे. ळ चा य दोन्हीकडे होतो म्हणून बोली एक होत नाही. अहिराणीचं ‘शे’ आणि लेवाचं ‘आहे’ यातच केवढं अंतर आहे.

सातपुड्याखाली :
चूक मान्य, ताई. पण मग वानोळा अहिराणीचा की लेवाचा?

गिरणाथडी :
अहिराणीचा.

तापीवरची :
लेवाचा.

अमळनेरकर :
वऱ्हाडातही म्हणतात. माझी सासुरवाडी बुलढाण्याची, तिथे वानोळा रोजचा शब्द आहे. एकट्या खान्देशाने त्यावर मालकी सांगू नये. व्युत्पत्तीचा वाद तसा आपल्या भागाला नवा नाही. ज्यांनी १९४६ मध्ये मराठी व्युत्पत्तिकोश दिला ते कृ. पां. कुलकर्णी १९५२ साली अमळनेरच्याच साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्याच १९५२ मध्ये बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने आली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी लिहून ठेवली म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. म्हणजे एकीकडे शब्दाचं मूळ शोधणारे आणि दुसरीकडे शब्द पिकवणारी बाई, एकाच वर्षी, एकाच खान्देशात. मला हे जुळलेलं पाहून दरवेळी उभारी येते.

पीजेचा प्रवासी :
मी उशिरा आलो, पण माझा आठवडा सांगतो, कारण ताईंनी मुळात तेच विचारलं होतं. कॉलेजात असताना पाचोरा-जामनेर छोट्या गाडीने जायचो. ५६ किलोमीटरचा रूळ, गाडी अशी निवांत की एका फेरीत जाड कादंबरीची साठ पानं व्हायची. समोर बसणारे एक शेतकरी काका रोज विचारत, “काल कुठवर आलं होतं?” मी त्यांना गोष्ट सांगायचो. एकदा मी तीन दिवस गेलो नाही. चौथ्या दिवशी ते म्हणाले, त्या पोरीचं पुढे काय झालं हे बायकोने रोज विचारलं. माझ्या हातातली कादंबरी पाचोऱ्याजवळच्या एका मळ्यात रात्रीच्या जेवणाला पोचत होती, आणि मला पत्ता नव्हता. ते काका मला कधी शेंगा, कधी बोरं देत.

आता ती गाडी बंद आहे. या मंगळवारी जुन्या पेटीत तीच कादंबरी सापडली. मधल्या पानांत भुईमुगाचं एक टरफल होतं. याला हरीख म्हणा, मौज म्हणा, मला शब्द सुचत नाही. दिवसभर कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं.

गिरणाथडी :
तुम्ही त्यांना गोष्ट देत होता आणि ते तुम्हाला शेंगा. गोष्ट तुमच्या रानातली नव्हती. तरी... मी विचार करतो यावर.

तापीवरची :
या धाग्यावर भाऊ इतके हलले हेच खूप झालं.

पुण्यातला खान्देशी :
छापताना मात्र ‘वानवळा’च.

केळीबाग :
छापायचं नाही, खडूने लिहायचं आहे. आणि यावलमध्ये ‘वानवळा’ लिहिलं तर लोक विचारतील, हा कोणत्या गावचा? ‘वानोळा’च लिहीन.

पीजेचा प्रवासी दादांची गोष्ट शनिवारी वाचून दाखवू का? टरफलाचं विशेष सांगेन. गुरुजी काय म्हणतात ते कळवते. पहिला प्रश्न अजून तसाच आहे, हे जाता जाता आठवण म्हणून.

पीजेचा प्रवासी :
खुशाल वाचा.

पांझराकाठ :
‘अप्रूप’ कुणी सुचवलं नाही अजून! अपूर्वचं अप्रूप. पण त्यात दुर्मीळपणा येतो, आणि ताईंना रोजचं हवंय. नाही जमणार.

सातपुड्याखाली :
‘जिवाला बरं वाटलं’ याला नाम नाही, हीच अडचण आहे. आपल्याकडे बरं ‘वाटतं’, ते वस्तू होत नाही.

तापीवरची :
एक विचारायचं राहिलं. वानोळा ज्या भांड्यातून येतो ते रिकामं परत करायचं नाही, हे सगळीकडे आहे ना? आई चिमूटभर साखर घालायची, साखर नसली तर चार दाणे. मी वाचनालयाचं पुस्तक परत करताना त्यात एक चिठ्ठी ठेवते, कोणतं पान आवडलं त्याची. चिकटवत नाही, नुसती ठेवते. आधी ग्रंथपाल काढून टाकायचे, आता ठेवतात. मागच्या महिन्यात माझ्याच चिठ्ठीखाली वेगळ्या अक्षरात दुसरं पान लिहिलेलं मिळालं.

गिरणाथडी :
भांड्यात घालतात ते वेगळं. ते वानोळा नव्हे, त्याला नाव आहे. माय म्हणायची तो शब्द ओठावर आहे आणि येत नाही. भांडं रिकामं जाऊ नये म्हणून जे घालतात, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?