प्रश्न विचारा, मग थांबा

सभाधीटपणा जन्मजातच असावा लागतो, असं बरेच जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. मी चार वर्षं नारदीय कीर्तन शिकतेय. पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा घसा इतका कोरडा पडला की नमनाचा सूरच लागेना. मला कीर्तन शिकवणाऱ्या बाईंनी नंतर एवढंच सांगितलं, "पहिली पाच मिनिटं इतकी घोटून ठेव की झोपेतही म्हणता आली पाहिजेत." खरंच, नमन बिनचूक गेलं की पुढचा पूर्वरंग, म्हणजे निरूपणाचा पहिला भाग, आपोआप सुटतो.

आता लोकांना धरून ठेवण्याबद्दल. गाडगेबाबांचं कीर्तन जरूर ऐका. १९५६ साली, त्यांच्या अखेरच्या दिवसांत झालेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे. साधी वऱ्हाडी बोली आणि प्रश्नांमागून प्रश्न. बाबा विचारतात, लोक एका आवाजात उत्तर देतात, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघतो. अधूनमधून 'गोपाला गोपाला'चा गजर. हजारोंच्या गर्दीतल्या प्रत्येकाला वाटावं, हे मलाच विचारतायत.

मी तेच करून पाहते. आख्यानात, म्हणजे कीर्तनातल्या कथेच्या भागात, प्रश्न टाकला की उत्तर येईपर्यंत गप्प राहते. ते तीन-चार सेकंद फार जड जातात, पेटीवाले काकासुद्धा माझ्याकडे बघायला लागतात. पण परवा मागच्या खांबाला टेकून बसलेल्या एका आजींनी उत्तर दिलं आणि अख्खी सभा सरसावून बसली!

आरशासमोरचा सराव मात्र मला कधीच उपयोगी पडला नाही. घरातली दोन माणसं समोर बसवा.