मदत हवी आहे: सुपरमॅन फॅन फिल्म, उडायचा सीन लै खोटा दिसायलाय

लातूरचा_रीलवाला
मंडळी अर्जंट आहे. आमची फॅन फिल्म तयार झालीय, लिंक खाली दिलीय. सगळं जमलंय फक्त उडायचा सीन खोटा दिसायलाय, कडेनं हिरवी रेघ येते अन् हिरो वरून चिकटवल्यावानी वाटतो. कोणतं अ‍ॅप घेऊ तेवढं सांगा, गणपतीत मंडळाच्या पडद्यावर दाखवायचीय. उगी रीशूट करा म्हणू नका.

नांदेडी_शटर
शूट कशावर केलं? एडिट कशात? एडिटमधे काढून आभाळ बसवायला मागं कपडा होता का रंगवलेली भिंत? काहीच सांगितलं नाही अन् डायरेक्ट अ‍ॅप विचारताय.

लातूरचा_रीलवाला
मोबाईलवरच ना भाऊ, अजून कशावर. एडिट पण त्यातच. कपडा मंडपवाल्याकडून आणला, हिरवा.

नांदेडी_शटर
मग अ‍ॅप बदलून घंटा फरक पडणार नाही. मंडपाचा कपडा चमकतो, त्यात हिरो त्याला खेटून झोपलाय, कपड्यावरचा उजेड उलटून त्याच्याच अंगावर पडतोय म्हणून कडा हिरव्या. सहा-आठ फूट पुढं पाहिजे होता आणि कपड्याला वेगळे लाइट. आता कुणाचा तरी कम्प्युटर धरा, दा विंची रिझॉल्व्ह फुकट आहे, त्यात हिरवं काढल्यावर डिस्पिल म्हणून ऑप्शन आहे, रेघ बरीच कमी होईल. आणि मागचं आभाळ भर दुपारचं अन् हिरोच्या तोंडावर ट्यूबलाइट, हे कुठलंच सॉफ्टवेअर झाकत नाही.

बीडचा_कॉमिकवेडा
मी म्हणतो उडवताच कशाला? 1938 ला सुपरमॅन पहिल्यांदा छापून आला तेव्हा तो उडत नव्हताच, लांब उड्या मारायचा, एक अष्टमांश मैल म्हणजे साधारण 200 मीटर. आणि 1948 च्या इंग्रजी सिरियलमधे तर उडायची वेळ आली की हिरोच्या जागी सरळ कार्टून दाखवायचे, तेही हॉलिवूडवाले. तुम्ही गुडघे वाकवलेला क्लोजअप घ्या, पायाखाली मूठभर फुफाटा उडवा, कट, की हिरो गावच्या टाकीवर उभा. काम खल्लास.

नांदेडी_शटर
पोरं उडणारा सुपरमॅन बघायला येणार, टाकीवर चढलेला नाही. टाकीवर आमच्याकडं आंदोलनवाले चढतात.

औसा_रोड
इथं कुणी पूर्ण फिल्म बघितली का? मी बघितली, जेवता जेवता. उडायचा सीन मोजून सात-आठ सेकंदांचा आहे, त्यानं काय बिघडत नाय. बिघडलंय ते आवाजानं. माळावरच्या सीनमधे नुसता वारा घोंगावतोय, व्हिलन काय धमकी देतो ते मला हेडफोन लावून पण कळलं नाय आणि मंडळाच्या भोंग्यावर तर विचारूच नका. फायटिंग लै लांबलीय, बुक्कीचा आवाज आधी अन् हात नंतर पोचतो. आणि कूलर पायाकडून लावला होता का? केप हिरोच्या तोंडावर येतेय, समोरून लावायला पाहिजे.
पण टँकरचा सीन मात्र एक नंबर राव. बायका घागरी, कॅन घेऊन नंबरला उभ्या, हा बी केप कमरेला खोचून मधेच घुसतो आणि म्हातारी म्हणते, "तुला उडता येतंय ना रं, मग धरणावरून आण की, हितं कशाला नंबर लावायलास." त्याचं तोंड बघा त्या वेळचं, एक शब्द न बोलता कॅन उचलून मागं जातो. ती म्हातारी कोण आहे? असलं अजून दोन मिनिटं पाहिजे होतं आणि फायटिंग निम्मी.

लातूरचा_रीलवाला
आमच्या मित्राची आज्जी आहे, ती ओळ तिनं मनानंच टाकली. पण फायटिंगला लै मेहनत लागलीय, कापू कशी? आणि मी अ‍ॅप विचारलं होतं.

परभणी_एक्स्प्रेस
लातूरचा पिक्चर आणि पाण्याची रेल्वे नाही? 2016 ला मिरजेहून दहा डब्यांत पाच लाख लिटर आलं होतं पहिल्या खेपेला. सुपरमॅननं ती गाडी ओढत आणली असती तर शिट्ट्या पडल्या असत्या.

औसा_रोड
गाडी ओढायला त्यांच्याकडं व्हीएफएक्स कुठाय, इथं माणूस उडंना. आणि सुपरमॅन असता तर उजनीचं पाणी नसतं का आणलं.

परभणी_एक्स्प्रेस
उजनीचं नाव काढू नका, प्रत्येक इलेक्शनला तेच ऐकतोय.

वकील_नाही_पण
कॉपीराइट बघितला का कुणी? सुपरमॅनची पहिली गोष्टच अमेरिकेत 2034 ला मोकळी होणार आहे. यूट्यूबला टाकलं तर जाहिराती चालू करू नका, आणि ते ओरिजिनल म्युझिक काढा, क्लेम आलाच समजा.

लातूरचा_रीलवाला
मंडळात दाखवायचीय ओ, यूट्यूबचं नंतर बघू. आवाजाचं काय करू ते सांगा मग.

नांदेडी_शटर
डबिंग. दाराखिडक्या लावा, पंखा बंद, डोक्यावरून वाकळ घ्या आणि मोबाईल तोंडापासून वीतभर लांब धरून बोला. घाम निघेल पण आवाज स्वच्छ येतो. वाऱ्याचा आवाज पूर्ण काढू नका, खाली बारीक राहू द्या, नाहीतर माळावर उभं राहून खोलीत बोलल्यासारखं वाटेल.

लातूरचा_रीलवाला
व्हिलन पुण्याला गेलाय जॉबला. व्हॉट्सअ‍ॅपला बोलून पाठव म्हणलं तर चालतंय का?

नांदेडी_शटर
व्हॉइस नोट नको, दबलेला येतो. रेकॉर्डरमधे रेकॉर्ड करून फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

जालना_गॅदरिंग
ड्रेस भाड्यानं देता का? साइज काय आहे?