'फेरफार' म्हणजे बदल की लबाडी?

प्रश्न : बातमीत 'आकडेवारीत फेरफार' आला की लबाडी समजायची. तलाठ्याकडे मात्र फेरफाराला रीतसर क्रमांक असतो. एकाच शब्दाची ही दोन टोकं कशी? आणि तिथे 'माहिती अद्ययावत करणे' का म्हणू नये?

— मूळ अर्थ नुसता बदल. त्याचा माग ठेवला तर ती नोंद, लपवला तर लबाडी. गाव नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी, वारस, वाटणी यांची वर्दी आली की तिथे नोंद धरतात, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण तक्रारीच्या नोंदवहीत जातं. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की मगच सातबाऱ्यावर नाव चढतं. हस्तलिखित उताऱ्यात जुनं नाव पुसत नसत. त्याला कंस करत आणि शेजारी फेरफाराचा आकडा गोलात लिहीत. 'अद्ययावत' म्हटलं की हा कंसच गळून पडतो. मला तरी तो शब्द इथे पोकळ वाटतो.

— 'माहिती' आणि 'नोंद' यांतही गल्लत नको. खातेदार वारला तरी वारसांची नोंद प्रमाणित होईपर्यंत उतारा त्याचंच नाव दाखवतो. जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 157 म्हणतं की विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीररीत्या दुसरी नोंद येईपर्यंत आहे ती नोंद खरी धरायची. खरी 'धरायची', बरं का!

— अक्षरही न बदलता माहिती बदलते, त्याला काय म्हणाल? जुन्या कागदावर क्षेत्र 1.20 असं दिसतं. एकर-गुंठ्यांत ते 1 एकर 20 गुंठे, म्हणजे 60 गुंठे, सुमारे 61 आर (आर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग). तोच आकडा हेक्टर-आर म्हणून वाचला तर 120 आर, जवळजवळ दुप्पट! टिंब दशांशाचं नाही हे विसरून दीड एकराच्या जागी 1.2 एकर, म्हणजे 48 गुंठे, वाचणारेही आहेत. आधी रकान्याचं एकक बघा, मग भूमी अभिलेख खात्याकडच्या आकारबंदाशी, म्हणजे प्रत्येक गटाचं क्षेत्र आणि सारा यांच्या नोंदीशी, ताडून घ्या.

— याला 'फेरफार' नको, सरळ 'वाचनदोष' म्हणा. फेरफाराला कुणीतरी करणारा लागतो.

— आणि लिहिणाऱ्याच्या हातून आकडा चुकला तर तो लेखनप्रमाद. त्याची दुरुस्ती कलम 155 खाली.